रघुजींची फिरंग आणि तिचे हरवलेले फेरफार

२९ एप्रिल २०२५. लंडनमध्ये सोथबीजच्या लिलावात एक तलवार आली. सरळ, एकधारी पातं. मुल्हेरी घाटाची मूठ, तिच्यावर सोन्याचं नक्षीकाम. पात्याच्या पाठीवर, मुठीच्या जवळ, सोन्याच्या पाण्यानं देवनागरीत मालकाचं नाव आणि पदवी लिहिलेली. नाव रघोजी भोसले, पदवी सेनासाहेबसुभा. सरकारला थेट बोली लावता येत नव्हती, म्हणून महाराष्ट्र सरकारनं मध्यस्थ गाठला आणि तलवार घेतली. वाहतूक, विमा सगळं धरून खर्च आला ४७ लाख १५ हजार रुपये. १८ ऑगस्टला ती मुंबईत उतरली, प्रभादेवीच्या पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमीत लोकांना बघायला ठेवली. रील आले, स्टेटस पडले. तलवार सगळ्यांनी बघितली. पण रघुजी कोण, आणि त्यांची तलवार लंडनला कशी पोहोचली, या दोन प्रश्नांवर मात्र फारसं कुणी थांबलं नाही.

दुसरा प्रश्न आधी समजून घेऊ, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. जमिनीला सातबारा असतो आणि सातबाऱ्यामागे फेरफार असतात. आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून भावाकडे, भावानं विकली तर कुणाला आणि कधी. मधला एक फेरफार गायब असला की तलाठी कार्यालयात काय होतं, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. जुन्या वस्तूंचंही तसंच असतं. वस्तू कुणी घडवली, कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली, विकली की दिली की हिसकावली, याची साखळी लावायची. म्युझियमवाले याला प्रोव्हेनन्स म्हणतात. आपण साधं नोंदी शोधणं म्हणू. अंतरवाली सराटीच्या पोरांना तर हा शब्द वेगळा समजवायची गरजच नाही. २०२३ पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी निजामकाळातली दप्तरं उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली आणि पणजोबांच्या नावासमोरच्या एका शब्दाला केवढं वजन असतं, ते घरोघर कळलं.

तर रघुजी.

नागपूरकर भोसल्यांचं घराणं मूळ नागपूरचं नव्हेच. ते सातारा भागातल्या देऊरचं. घराण्याला मोठेपणा आला तो परसोजी भोसल्यांमुळे, आणि गंमत म्हणजे तोही एका ओळख पटवण्याच्या प्रकरणातून. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले. सतरा-अठरा वर्षं कैदेत राहिलेला, लहानपणी नेलेला मुलगा. ताराबाईंच्या बाजूनं सांगितलं गेलं, हा खरा शाहू नाही, तोतया आहे. सरदार कुंपणावर बसले. तेव्हा परसोजी शाहूंच्या बाजूला गेले आणि त्यांच्याबरोबर एका ताटात जेवले, असं इतिहासात सांगतात. त्या काळात एका ताटात जेवणं म्हणजे आजच्या भाषेत व्हेरिफाय करणंच. परसोजींनी शाहूंची खात्री दिली आणि शाहूंनी त्यांना सेनासाहेबसुभा केलं. पुढे ही पदवी घराण्यात चालत राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवा, तलवारीकडे परत येऊ तेव्हा लागेल.

रघुजी याच घराण्यातले. जन्म १६९५ च्या सुमाराचा. त्यांना परसोजींची गादी सरळ मिळाली नाही. परसोजींचे पुत्र कान्होजी आता सेनासाहेबसुभा होते आणि वऱ्हाडात, आजच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या भाम इथे राहत होते. त्यांना मूल नव्हतं म्हणून नात्यातल्या रघुजींना त्यांनी जवळ घेतलं. पुढे कान्होजींना स्वतःचा मुलगा झाला आणि रघुजी नकोसे झाले. मराठी घरात ही गोष्ट काही नवी नाही. रघुजी बाहेर पडले. काही काळ एलिचपूरच्या नवाबाकडे, काही काळ देवगडच्या गोंड राजाकडे चाकरी केली. मग साताऱ्याला शाहूंच्या दरबारात आले. शिकारीत वाघ अंगावर आला तेव्हा त्यांनी शाहूंना वाचवलं, अशी कथा आहे. कथा खरी असो नसो, शाहूंचा जीव त्यांच्यावर बसला हे खरं, कारण त्यांनी राणीच्या माहेरचीच मुलगी देऊन रघुजींना साडू करून घेतलं. कान्होजींचं आणि दरबाराचं बिनसलं तेव्हा कान्होजींना धरून आणायचं काम रघुजींकडेच आलं. त्यांनी ते केलं. ज्यांनी वाढवलं त्यांनाच कैद करून साताऱ्याला पाठवलं आणि त्यांची पदवी स्वतः घेतली. इथे रघुजींबद्दल प्रेम वाटायला जरा जड जातं, पण अठराव्या शतकात सरदारकी अशीच मिळायची.

नागपूर कसं मिळालं तेही बघण्यासारखं आहे. नागपूर वसवलं देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं. त्याच्या मुलानंतर, चांद सुलतानानंतर, गादीचा झगडा लागला. राणी रतनकुंवरनं रघुजींना मदतीला बोलावलं. रघुजींनी तोतया वारस हटवला, राणीच्या मुलांना गादी दिली, आणि मोबदल्यात पैसे आणि राज्याचा तिसरा हिस्सा घेतला. पुढे भावाभावांत भांडण पेटलं. पुन्हा बोलावणं आलं. यावेळी रघुजी आले ते राहायलाच. १७४३ पर्यंत सगळा कारभार त्यांच्या हातात होता. पण गोंड राजाला त्यांनी हाकललं नाही. त्याला नागपुरात ठेवलं, तनखा दिला, राजा म्हणून मान ठेवला. राज्य माझं, मान तुझा. हे धोरण पुढे इंग्रजांनी सगळ्या हिंदुस्थानात वापरलं, अगदी रघुजींच्या वंशजांवरसुद्धा.

मध्येच रघुजी दक्षिणेत जाऊन आले. १७४० च्या मे महिन्यात दमलचेरीच्या घाटात त्यांच्या फौजेनं अर्काटच्या नवाबाला, दोस्त अलीला, गाठलं. नवाब लढाईत पडला. पुढच्या वर्षी त्रिचनापल्ली घेतली आणि नवाबाचा जावई चंदासाहेब कैद होऊन महाराष्ट्रात आला. नवाबाच्या घरच्यांनी पाँडिचेरीत फ्रेंचांकडे आसरा घेतला होता. रघुजींनी फ्रेंच गव्हर्नर द्युमाला धमकी दिली. द्युमानं किल्ला नीट बंदोबस्तात ठेवला आणि रघुजींच्या माणसाला निरोप देताना फ्रेंच मद्याच्या काही बाटल्या भेट दिल्या. ते मद्य रघुजींच्या घरात इतकं आवडलं की आणखी बाटल्यांची मागणी गेली आणि पाँडिचेरीवरचा रोख ओसरला, अशी गंमत फ्रेंचांच्या बाजूनं सांगितली जाते. एवढ्यावर मोहीम थांबली असेल असं मला वाटत नाही. पण भेट, खंडणी आणि लूट यांच्यातली रेघ त्या काळात किती पुसट होती, हे त्यातून कळतं.

आणि मग बंगाल. रघुजींचं नाव नागपूरबाहेर सगळ्यात जास्त कुठे आठवत असेल तर तिथे, आणि ते चांगल्या कारणानं नाही.

१७४२ मध्ये त्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालमध्ये शिरले. नवाब अलीवर्दी खानाकडून चौथाई हवी होती. मे महिन्यात मुर्शिदाबादला जगत सेठांची पेढी लुटली. पावसाळाभर मुक्काम कटव्याला. भास्करपंतांनी तिथे थाटात दुर्गापूजा मांडली, ती पुरी व्हायच्या आत अलीवर्दीनं नदी ओलांडून हल्ला केला आणि पंत निसटले. कलकत्त्यातल्या इंग्रजांनी आणि तिथल्या रहिवाशांनी मराठे येतील या भीतीनं शहराभोवती खंदक खणायला घेतला. त्याला मराठा डिच म्हणत. तो पुरा झाला नाही, मराठेही तिथवर आले नाहीत, आणि पुढे खंदक बुजवून त्यावरून रस्ता गेला. १७४४ मध्ये अलीवर्दीनं तहाच्या बोलणीसाठी भास्करपंतांना मानकऱ्याच्या तंबूत बोलावलं आणि त्यांना व त्यांच्या सरदारांना तिथेच कापलं. रघुजी चिडून स्वतः आले. वर्षानुवर्षं स्वाऱ्या चालल्या. १७५१ मध्ये शेवटी तह झाला. वर्षाला १२ लाख रुपये चौथाई आणि ओडिशाचा वसूल नागपूरकरांकडे.

आपल्या पुस्तकात हे एका ओळीत येतं. मराठ्यांची सत्ता पूर्व किनाऱ्यापर्यंत पोहोचली. बंगालमध्ये त्याच ओळीची दुसरी बाजू आहे. आपला बारगीर तिकडे बर्गी झाला. सरकारी घोड्यावर बसणाऱ्या साध्या शिपायाचा हा शब्द तिथे भीतीचा शब्द बनला. बाळाला झोपवताना म्हणायच्या गाण्यात बर्गी आले. गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं त्याच काळात महाराष्ट्र पुराण लिहिलं. नाव ऐकून आपल्याला वाटेल आपली स्तुती असेल. त्यात आहेत जळालेली गावं, पळणारे विणकर आणि व्यापारी, कापलेली माणसं, बायकांवरचे अत्याचार. भास्करपंतांच्या फौजेत आपल्याच गावांतली पोरं होती. हे वाचून मान खाली घालायची की त्या काळी सगळेच असं करत म्हणायचं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण रघुजींची तलवार बघताना हे पान गाळून चालणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

फेब्रुवारी १७५५ मध्ये रघुजी नागपुरात गेले. मागे चार मुलगे, जानोजी, साबाजी, मुधोजी, बिंबाजी. वारसाचा झगडा लागलाच. पण राज्य टिकलं आणि वाढलंही. ओडिशावर नागपूरकरांचा अंमल १८०३ पर्यंत राहिला. त्या काळातली एक गोष्ट या विषयासाठी फार मोलाची आहे. आज पुरीला जगन्नाथाच्या सिंहद्वारासमोर जो उंच अरुणस्तंभ दिसतो, तो मुळात तिथला नाही. तो कोणार्कच्या सूर्यमंदिराचा. मराठा अंमलात तो कोणार्कहून काढून पुरीला आणून उभा केला. कोणार्कची पूजा तेव्हा बंद पडली होती, स्तंभ जिवंत देवळात आला, लोकांनी स्वीकारला. कोणार्कनं तो परत मागायचा का? मागितला तर पुरीनं द्यायचा का? वस्तू परत करण्याचे सगळेच प्रश्न लंडनशी भांडून सुटत नाहीत.

रघुजींनी कमावलेलं गेलं कुठे, याचं उत्तर मात्र आपल्या जिल्ह्यात आहे. अंतरवाली सराटी जालना जिल्ह्याच्या दक्षिणेला, गोदाकाठच्या पट्ट्यात. जिल्ह्याच्या उत्तरेला असई. २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या रानात दौलतराव शिंद्यांची आणि नागपूरकरांची फौज इंग्रजांसमोर उभी होती. नागपूरकरांच्या बाजूनं होते दुसरे रघुजी, पहिल्या रघुजींचे नातू. समोर आर्थर वेलस्ली, जो पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि ज्यानं वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. असईला शिंद्यांच्या कवायती पलटणी आणि तोफा जीव तोडून लढल्या. दुसरे रघुजी लढाई रंगात असताना निघून गेले. तोफा इंग्रजांनी नेल्या. डिसेंबरमध्ये देवगावचा तह झाला आणि आजोबांनी दहा वर्षं झगडून मिळवलेलं ओडिशा, शिवाय वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड, नातवाच्या हातून गेला.

पुढचा धक्का थेट नागपुरात. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांकडून हरली. डिसेंबरात शहर इंग्रजांच्या ताब्यात गेलं. कंपनीच्या फौजेत लूट म्हणजे गोंधळ नव्हता, ते हिशेबाचं काम होतं. प्राइझ एजंट नावाचे अधिकारी नेमलेले असत. काय मिळालं याची यादी, मग विक्री, मग हुद्द्याप्रमाणे वाटप. सेनापतीला किती, शिपायाला किती, सगळं ठरलेलं. पुण्या-नागपूरकडच्या या डेक्कन प्राइझच्या वाटणीवरून इंग्रज सेनापतींमध्येच वर्षानुवर्षं वाद चालला. आपल्या लुटीवर त्यांच्यात कोर्टकचेऱ्या, वाचून हसावं की चिडावं कळत नाही.

तिसरी वेळ १८५३ ची. तिसरे रघुजी औरस वारस न ठेवता गेले. डलहौसीनं दत्तक नाकारून राज्य खालसा केलं. या वेळी तर लढाईही नव्हती. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल बाजारात मिळेल त्या भावाला फुंकले. दागिने विकायला कलकत्त्याला गेले. राण्या बघत राहिल्या.

आता तलवारीकडे. राज्य सरकारनं म्हटलं, १८१७ च्या लुटीत ती गेली असावी. बहुधा तसंच. पण नोंदी शोधणारा माणूस इथे वही उघडून चार दारं लिहील. १८१७ ची लूट. १८५३ नंतरची जप्ती आणि विक्री. मधल्या काळात कुण्या रेसिडेंटला किंवा गोऱ्या अधिकाऱ्याला दिलेली भेट. किंवा पैशाची चणचण असलेल्या कुणी वारसानं केलेला सौदा. प्रत्येक दाराचा अर्थ वेगळा. पहिल्या दोन दारांतून गेली असेल तर हक्कानं मागता येते. भेट दिली असेल तर मागणं अवघड, पण तेव्हाही विचारावं लागतं की फौज दारात उभी असताना दिलेली भेट खरंच भेट असते का.

दुसरा पेच नावाचा. सेनासाहेबसुभा ही पदवी घराण्यात चालत आलेली आणि रघुजी तीन. म्हणजे नुसतं नाव वाचून भागत नाही. पात्याची घडण, मुठीचा घाट, सोन्याचं काम, अक्षरांचं वळण, हे सगळं त्या त्या काळाच्या इतर शस्त्रांशी जुळवून बघावं लागतं. लिलावगृहानं आणि सरकारनं ही तलवार पहिल्या रघुजींची मानली आहे. आणखी एक मजा म्हणजे पातं युरोपातलं आहे. पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांकडून अशी पाती आपल्या किनाऱ्यावर उतरत, मूठ इथे बसवत, आणि फिरंग्यांकडून आलेली म्हणून तिचं नाव फिरंग. म्हणजे पातं युरोपातून आलं, इथल्या सरदाराचं झालं, परत युरोपात गेलं, आणि आता विमानातून पुन्हा इकडे.

मग सरळ परत का मागितली नाही, विकत का घेतली? राग येतो, पण कायद्याचं उत्तर कोरडं आहे. चोरीच्या सांस्कृतिक वस्तूंबद्दलचा युनेस्कोचा करार १९७० चा. त्याआधीच्या लुटीला तो लागू होत नाही. आपला पुरावस्तू कायदा १९७२ चा. तलवार कुठल्या सरकारी म्युझियमात असती तर दबाव आणता आला असता. ती लिलावात आली होती, आणि लिलावात हातोडा पडला की पुन्हा पंचवीस-पन्नास वर्षं कुणाच्या दिवाणखान्यात गडप. सरकारपुढे वेळ नव्हता. घेतली ते बरं केलं असं मी म्हणेन. फक्त तिला परत मिळवलेली म्हणताना आपण आपल्याच वस्तूचे पैसे मोजले, हे विसरू नये.

दुसरी वाट नाही असंही नाही. रघुजींच्या तलवारीनंतर आठवड्याभरात, मे २०२५ मध्ये, त्याच सोथबीजच्या हाँगकाँगमधल्या लिलावात पिप्रहवाच्या स्तूपातली बुद्धाच्या अस्थींबरोबर पुरलेली रत्नं येणार होती. केंद्र सरकारनं कायदेशीर नोटीस पाठवली, बौद्ध देशांतून ओरड झाली, लिलाव थांबला. जुलैअखेर गोदरेज समूहाच्या मदतीनं ती रत्नं भारतात आली. तिथे काम सोपं का झालं? कारण नोंद होती. १८९८ मध्ये कुणी खणलं, कुठे खणलं, काय निघालं, सगळं लिहिलेलं. वाघनखांचं उलट. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून ती साताऱ्याला आली ती तीन वर्षांच्या उसनवारीवर, आणि ती नेमकी शिवाजी महाराजांचीच का यावर अभ्यासकांनी प्रश्न उभे केले. कारण साखळीत साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ सापडतो, त्याच्या मागची कडी मात्र सैल आहे.

आणि हे सगळं लंडनपुरतं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यातल्या जांब समर्थला, समर्थ रामदासांच्या जन्मगावी, राममंदिरातल्या पंचधातूच्या मूर्ती रातोरात चोरीला गेल्या. विधानसभेत आवाज उठला, पोलिसांनी काही आठवड्यांत चोर आणि मूर्ती शोधल्या. गावात रोज पूजेला येणाऱ्यांना त्या मूर्तींचा चेहरामोहरा पाठ होता, म्हणून ओळख पटवायला अडलं नाही. प्रत्येक गावच्या देवळाचं असं नशीब नसतं. किती देवळांतल्या मूर्तींचे नीट फोटो, उंची, वजन कुठे लिहून ठेवलंय? एका रविवारी चार मित्रांनी टेप आणि मोबाइल घेऊन गेलं तर गावातल्या देवळाचं हे काम दुपारपर्यंत उरकतं.

रघुजींच्या तलवारीचं काम त्याहून लांबचं आहे. नागपूरकर भोसल्यांची बखर काशीराव राजेश्वर गुप्त्यांनी लिहिली, ती छापलेली आहे. पेशवे दप्तराचे रुमाल पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत, बहुतेक मोडीत. कंपनीच्या कारभाराचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात. १८१७ च्या डिसेंबरात नागपुरात ज्यांनी याद्या केल्या, त्यांना मराठी अक्षर बहुधा वाचता येत नसावं. त्यांच्या यादीत रघुजींचं नाव नसणार. एक सरळ तलवार, सोन्याची मूठ, असं काहीतरी इंग्रजी वळणदार अक्षरात लिहिलेलं असेल, आणि शेजारी किंमत.